सिनेटरांचा कोपरा

मुलाचं मन वळत नाही हे लक्षात आल्यावर काकूंनी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष बदलायचं ठरवलं.

सत्त्याऐंशी सालचा उन्हाळा होता. आयोवा राज्यातल्या ज्या गावात आम्ही तेव्हा राहत होतो तिथे सात-आठ मराठी घरं होती. माझा नवरा ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मी पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवरची नोकरी सोडून आले होते. माझ्या व्हिसावर इथे नोकरी करायला मनाई होती, म्हणून त्याच दैनिकाला अधूनमधून वार्तापत्र पाठवायची. काकू माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या, पण मुलं त्यांना काकू म्हणत आणि मुलांचं ऐकून मोठेही म्हणू लागले होते. त्यांचे यजमान गावातल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. त्यांना सगळे नुसते डॉक्टर म्हणत.

मुलगा एकुलता एक, आयोवात जन्मलेला, शाळेच्या कुस्तीच्या संघातला. शाळेच्या कॅफेटेरियात सैन्यभरतीवाल्यांचं टेबल लागे. तिथून एक दिवस तो फुकटचं पेन आणि एक माहितीपत्रक घेऊन आला आणि म्हणाला, शाळा संपली की मी आर्मीत जाणार. डॉक्टरांना वाटलं, कुस्तीसारखंच हेही सुटेल. कुस्ती सुटली नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

घरात त्यावरून जे बोलणं व्हायचं त्यातलं काही माझ्यासमोरच झालं.

"तुझ्याच माहेरचं रक्त," डॉक्टर म्हणाले. काकू सातारच्या बाजूच्या. "तुमच्या गावात घराआड एक फौजी."

"म्हणूनच सांगतेय," काकू म्हणाल्या. "थोरले काका बासष्टला चीनच्या लढाईत गेले. तार घेऊन आलेला माणूस आधी पाणी मागून प्यायला आणि मग त्याने तार दिली. तुमच्या वर्ध्याला काय माहीत?"

"अगं, आता कुठे लढाई आहे?"

"आज नाही. उद्या हे लोक कुठे जाऊन बसतील, सांगता येतं का?"

मुलगा तिथेच सोफ्यावर बसून दूध-सीरियल खात होता. तो म्हणाला, "आई, इट्स पीसटाइम."

"बघा," डॉक्टर म्हणाले. निदान एका मुद्द्यावर बापलेकांचं एकमत झालं होतं.

सही करायला तो अठरा पूर्ण होण्याची वाट बघत होता. त्याआधी आईवडिलांची संमती लागते, हे त्याने माहितीपत्रकात वाचलं होतं. काकूंनीही वाचलं होतं. त्यामुळे नोव्हेंबरपर्यंत घरात एक प्रकारचा युद्धविराम होता.

सिनेटर त्यांना टीव्हीवर सापडले. रविवारी सकाळी राजकारणावरचा एक कार्यक्रम लागे, एरवी तो कोणी बघत नसे. एका लहानशा राज्याचे हे सिनेटर, उंच, किंचित वाकलेले, वर्गात शिकवल्यासारखं बोलणारे. पुढल्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी आपल्या पक्षाची उमेदवारी मिळवायला जे उभे होते त्यांत ते शेवटून पहिले. वर्तमानपत्रांत त्यांचं नाव बातमीच्या अखेरच्या परिच्छेदात येई. जागा कमी पडली तर डेस्कवरचा माणूस सगळ्यात आधी कापतो, त्या परिच्छेदात.

त्यांचं म्हणणं साधं होतं. मध्य अमेरिकेतल्या बंडखोरांना शस्त्रं द्यायचं थांबवा. आखातात दुसऱ्यांच्या तेलवाहू जहाजांना आपल्या आरमाराची सोबत देऊ नका. लेबनॉनमध्ये आपण कशासाठी गेलो होतो हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. ज्या देशाचं नाव नकाशावर शोधावं लागतं तिथे सैनिक पाठवण्याआधी निदान नकाशा तरी बघा. ह्यातलं बहुतेक खरं आहे असं लोक म्हणत, आणि म्हणूनच हा माणूस निवडून येणार नाही असंही लगोलग म्हणत.

काकूंनी हे सगळं ऐकलं, टीव्ही बंद केला आणि मला फोन केला.

"हा निवडून यायला काय लागतं?"

"चमत्कार," मी म्हटलं.

"ते जाऊ दे. आयोवात काय लागतं?"

हा प्रश्न बरोबर होता. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची पहिली परीक्षा आयोवातच होते, त्यामुळे त्या वर्षभर उमेदवार ह्या राज्यातल्या डुकरांच्या फार्मवर, चर्चच्या तळघरांत, लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत हिंडत असतात. कोणीही बोलावलं तर येतात. ज्याला कमी लोक ओळखतात तो जास्त लवकर येतो. सिनेटरांच्या गावातल्या कचेरीत बोस्टनकडची एक मुलगी बसे, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. काकू तिच्याकडे बेसनाचे लाडू घेऊन गेल्या. सिनेटर ऑक्टोबरात काकूंच्या घरी आले.

त्या संध्याकाळी सगळी मराठी घरं हजर होती. शिवाय एका घरी नागपूरहून आलेले पाहुणे होते, तेही आले, आणि दोघाजणांनी आपले कारखान्यातले गुजराती मित्र आणले. सिनेटर खुर्चीत बसून बोलले, बटाटेवडे आवडीने खाल्ले. बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नये आणि बोलावलं तरी किती वेळ थांबायचं हे आधी विचारावं, हे माझं परराष्ट्र धोरण, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. न सांगता चार माणसं बरोबर आणणाऱ्यांनी जास्त वाजवल्या.

मग प्रश्न झाले. पहिला प्रश्न एका इंजिनिअरने विचारला, तो भावाच्या ग्रीन कार्डाविषयी होता. सिनेटरांनी बरोबरच्या माणसाकडे बघितलं, त्या माणसाने काहीतरी टिपून घेतलं. दुसरा प्रश्न ठरलेला होता. पाकिस्तानला देता ती लढाऊ विमानं तुम्ही बंद करणार का?

"करणार," सिनेटर म्हणाले.

पुन्हा टाळ्या. डॉक्टरांनी एकाहत्तर साली बंगालच्या उपसागरात आलेल्या अमेरिकन आरमाराची आठवण सांगितली. सिनेटर म्हणाले, ती चूक होती. आता टाळ्यांबरोबर "वा!"सुद्धा आलं. मी बऱ्याच सभा कव्हर केल्या होत्या, एखादा उमेदवार इतक्या लवकर आमच्यातला झालेला मी बघितला नव्हता.

"म्हणजे भारताला मदत वाढवणार?" इंजिनिअरने विचारलं.

"नाही," सिनेटर म्हणाले. "शस्त्रं कोणालाच नाहीत. तुम्हालाही नाहीत."

कोणीतरी चटणी पुढे केली.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "माझा मुलगा आर्मीत जाणार म्हणतो. तुम्ही प्रेसिडेंट झालात तर त्याला लढायला पाठवाल?"

सिनेटरांनी वडा बशीत ठेवला. "मॅडम, ज्या लढाईत मी माझा मुलगा पाठवणार नाही तिथे तुमचाही पाठवणार नाही," ते म्हणाले. चांगलं बोलले. काकूंचे डोळे भरले. सिनेटरांना दोन मुलीच आहेत, हे आम्ही पुढे कुठेतरी वाचलं.

मुलगा जिन्यात बसून हे ऐकत होता. सिनेटर जाताना त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि कुस्तीत कोणत्या वजनगटात खेळतोस म्हणून विचारलं. तो नंतर म्हणाला, "ही इज ओके. पण आई, तो हरणार."

बोस्टनकडची मुलगी शेवटी प्रत्येकाकडे गेली. फेब्रुवारीत तुम्ही आमच्या बाजूने याल असं धरू ना? सगळे म्हणाले, हो हो, नक्की. ती आनंदाने लाल झाली. इतकी एकमुखी खोली तिला राज्यभरात भेटली नव्हती. तिला काय सांगावं हे मला कळेना. मराठी माणूस दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याचा चहा पिऊन, तोंडावर नाही म्हणत नाही. त्याच्या 'नक्की'तून खरं काय ते काढायला पुढचे काही आठवडे लागतात. शिवाय त्यातल्या बहुतेकांनी दुसऱ्या उमेदवारांच्या माणसांनाही असंच नक्की सांगितलेलं होतं. कोणी कारखान्यातल्या फोरमनला, कोणी शेजाऱ्याला. डॉक्टरांनी आपल्या हॉस्पिटलमधल्या मुख्य सर्जनना सांगितलं होतं. हे सर्जन उमेदवारीला उभ्या असलेल्या एका गव्हर्नरांचे गावातले प्रमुख पाठीराखे, आणि हे गव्हर्नर अमेरिकेने जगात ताठ मानेने वावरावं अशा मताचे.

ह्या प्रसंगावर मी पुण्याला वार्तापत्र पाठवलं. सिनेटरांना संधी नाही, हे त्यात दोनदा लिहिलं होतं. महिन्याभराने छापून आलं ते 'भारतमित्र सिनेटरला मराठी मतदारांचा भक्कम पाठिंबा' ह्या मथळ्याखाली. संधीची दोन्ही वाक्यं जागेअभावी गेली होती. काकूंच्या भावाने कात्रण कापून साताऱ्याहून धाडलं, बरोबर अभिनंदन. काकूंनी ते वाचलं आणि मला म्हणाल्या, "बघ, तूच लिहिलंयस. तिथल्या लोकांनासुद्धा दिसतंय." मी काही बोलले नाही. तेही भिडेखातरच.

नोव्हेंबरात मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि त्याच आठवड्यात त्याने सही केली. शाळा संपल्यावर, जूनमध्ये जायचं. काकूंनी त्या दिवशी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरायला लागल्या. दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये हे धोरण घेऊन त्या गावातल्या प्रत्येक घराच्या भानगडीत पडल्या. कोणाच्या सासूच्या गुडघ्यावर तेल सांगितलं, कोणाच्या मुलीचं स्थळ बघितलं, आणि निघताना दारात चपला घालता घालता सिनेटरांचं काढलं. एकदा मी बरोबर होते. यजमान म्हणाले, "काकू, तुम्ही सांगितल्यावर झालंच."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "हे येणार नाहीत."

"तुला कसं कळलं?"

"'झालंच' म्हणाले. नेमका दिवस विचारला नाही."

"तू ना, पेपरवाली," काकू म्हणाल्या आणि गाडी सुरू केली.

आयोवात ह्या निवडीसाठी मतपेटी नसते, हे इथे सांगायला हवं. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी प्रत्येक वस्तीतले त्या पक्षाचे लोक शाळेत किंवा चर्चमध्ये जमतात आणि आपापल्या उमेदवाराच्या नावाची पाटी असेल त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात. सगळ्यांच्या देखत. मग डोकी मोजतात. ज्या कोपऱ्यात पुरेशी माणसं भरत नाहीत तो गट बाद. पण बाद करण्याआधी थोडा वेळ देतात, त्यात एकमेकांची माणसं ओढायची मुभा असते. ह्याला कॉकस म्हणतात. अमेरिकन लोकांना त्यात लोकशाहीचा कळस दिसतो. प्रत्येकाला हो म्हणून बसलेल्या माणसांसाठी ह्याहून क्रूर पद्धत शोधून सापडली नसती.

त्या संध्याकाळी थंडी अशी होती की गाड्यांची दारं उघडताना कुरकुरत होती. प्राथमिक शाळेचं जिम, भिंतीला गुंडाळून ठेवलेल्या चटया, बास्केटबॉलच्या जाळीखाली घडीच्या खुर्च्या. अध्यक्षस्थानी एक निवृत्त शिक्षिका, गळ्यात शिट्टी अडकवलेली. माझ्यासारख्या नागरिक नसलेल्यांसाठी भिंतीलगत एक बाक होता, तिथे बसून फक्त बघायचं. काकूंचा मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. बर्फामुळे आईवडिलांना त्याने गाडीने आणलं होतं, संपेपर्यंत थांबणार होता.

काकू नारायणपेठी साडीवर लांब कोट घालून सिनेटरांच्या पाटीखाली सगळ्यात आधी जाऊन उभ्या राहिल्या. बोस्टनकडची मुलगी पलीकडे हात हलवत होती, तिला ह्या वस्तीत मत नव्हतं. हळूहळू काही माणसं काकूंकडे आली. दोन प्राध्यापक, चर्चमधलं एक वयस्क जोडपं, दाढीवाला एक सुतार जो व्हिएतनाममध्ये लढून आला होता, शाळेतली ग्रंथपाल, आणखी चारजण. मराठी माणसं दारातून आत येऊन कोट काढत उभी होती. कोट काढायला त्यांना नेहमीपेक्षा बराच वेळ लागत होता.

शिक्षिकेने शिट्टी वाजवली.

मग मी जे बघितलं ते असं. ग्रीन कार्डाचं विचारणारे इंजिनिअर आणि त्यांची बायको त्यांच्या शेजाऱ्याच्या कोपऱ्यात गेली. हा शेजारी हिवाळाभर स्वतःच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ काढताना त्यांचंही काढून द्यायचा. दुसरं एक जोडपं खोलीच्या मधोमध उभं राहिलं, आणि मग त्यांना भिंतीवरची 'अजून ठरलेलं नाही' ही पाटी दिसली. तसाही एक अधिकृत गट असतो. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. कोणालाच न दुखावणारा कोपरा अमेरिकनांनी आधीच काढून ठेवला आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. 'झालंच' म्हणणारे आले नव्हते.

डॉक्टर काकूंच्या दिशेने निघाले होते, हे मी नक्की सांगू शकते. अर्ध्या वाटेत मुख्य सर्जननी हाक मारली, "डॉक! ओव्हर हियर!" आणि हात त्यांच्या खांद्यावर टाकला. डॉक्टर हसले. हसत हसतच ते गव्हर्नरांच्या पाटीखाली जाऊन उभे राहिले आणि समोरच्या घड्याळाकडे बघू लागले.

मोजणी झाली. गट टिकायला बारा माणसं हवी होती, सिनेटरांकडे अकरा भरली. शिक्षिका म्हणाली, आता थोडा वेळ आहे, जा, एकमेकांशी बोला.

काकू सरळ जिम ओलांडून नवऱ्यासमोर आल्या. मी त्यांच्यापासून दोन खुर्च्यांच्या अंतरावर होते.

"अहो, इकडे काय करताय?"

"अगं, हळू."

"मराठीत बोलतेय. कोणाला कळतंय?"

"उद्या सकाळी ह्यांच्याबरोबर दोन मोठ्या केसेस आहेत. सगळ्यांदेखत त्यांचा हात झटकून येऊ?"

"पोरगं तिकडे मरायला जाईल, आणि तुम्ही केसेस सांगा."

"एका माणसाने काय होणारेय? तो तुझा सिनेटर पडणारच आहे."

"पडू दे ना. पण माणसं कमी भरली म्हणून पडला, असं म्हणेन. तुम्ही इकडे उभे होतात म्हणून पडला, असं म्हणायला लावू नका."

सर्जन काकूंकडे बघून प्रेमाने हसत होते. "घरी काही विसरलं का?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. "शेगडी," डॉक्टर म्हणाले. इतक्या वर्षांत ह्या माणसाला इतक्या झटकन खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

काकू तिथून 'अजून ठरलेलं नाही'वाल्यांकडे गेल्या. ते दोघं तेवढ्यात पाणी प्यायला कॉरिडॉरमध्ये गेले.

बाकावर मुलगा गुडघ्यांवर कोपरं टेकून हे बघत होता. "इलेव्हन," तो म्हणाला. त्याने स्वतःच मोजलं होतं. मी मान हलवली.

"मावशी, बाबा तिथे का उभे आहेत?"

"त्यांच्या बॉसने बोलावलं."

"सो? ही कुड जस्ट से नो."

मी म्हटलं, "हो." ह्या विषयावर पुण्यात माणसं आयुष्यं काढतात, ते त्या बाकावर समजावून सांगता आलं नसतं.

"हा सिनेटर अर्धे आर्मी बेसेस बंद करणारेय," तो म्हणाला. "माझी ट्रेनिंगची जागापण असेल त्यात." त्याची आई आता चर्चमधल्याच, पण दुसऱ्या कोपऱ्यातल्या एका बाईंशी बोलत होती, आणि त्या बाई नम्रपणे नकार देत होत्या. एका वाक्यात, हसून, अगदी साधेपणाने. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मुलगा उठला. दाराजवळच्या टेबलावर गेला, तिथे नाव नोंदवलं, आणि कुस्तीगीर चालतात तसा खांदे हलवत सिनेटरांच्या पाटीखाली जाऊन उभा राहिला. दाढीवाल्या सुताराने त्याच्या जॅकेटवरचा आर्मीचा बिल्ला बघितला, मग त्याच्याकडे बघितलं आणि बाजूला सरकून जागा करून दिली.

काकू परतल्या तेव्हा तो तिथे होता. त्यांनी त्याचा दंड धरला.

"म्हणजे तू नाही जाणार?"

"आई, आय ॲम जस्ट स्टँडिंग हियर."

"मग कशाला आलास?"

"तुला एक कमी पडत होता."

शिट्टी झाली. बारा. सिनेटरांचा कोपरा टिकला, त्यांना ह्या वस्तीतून पुढच्या फेरीसाठी एक प्रतिनिधी मिळाला. सुताराने टाळ्या वाजवल्या. काकू टाळ्या वाजवत नव्हत्या, मुलाचा दंड त्यांनी सोडलेला नव्हता. अमेरिकेने दुसऱ्याच्या लढाईत पडू नये ह्या मताला त्या जिममध्ये ज्या मुलाने तारलं त्याने आर्मीत जायची सही आधीच करून ठेवली होती. मी हे वार्तापत्रात लिहिलं. पुण्याच्या डेस्कवर ते बहुधा कोणाला पटलं नसावं, ते वार्तापत्र छापलं गेलं नाही.

राज्यभरात सिनेटर शेवटून पहिलेच आले. काही दिवसांतच त्यांनी उमेदवारी मागे घेतली. त्या भाषणात त्यांनी पत्नीचे, मुलींचे आणि आयोवातल्या उदार लोकांचे आभार मानले.

पण प्रतिनिधी निवडला गेला होता, आणि त्या होत्या काकू, कारण शनिवार मोकळा आहे असं दुसरं कोणीच म्हणेना. वसंतात काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, अधिवेशन भरलं तेव्हा त्यांच्या उमेदवाराला घरी जाऊन महिना होऊन गेला होता. अशा मोकळ्या प्रतिनिधीला फार मागणी असते. गव्हर्नरांकडून तेच सर्जन आले, काकूंना कॉफी आणून दिली, म्हणाले, आता आमच्याकडे या. काकूंनी त्यांना विचारलं, तुमचे गव्हर्नर सैन्य कुठे कुठे पाठवतील? सर्जननी जबाबदारी, मित्रराष्ट्रं, योग्य वेळ असं बरंच काही सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, कॉफी संपवली.

"थँक यू. नो," त्या म्हणाल्या.

मी त्यांना पहिल्यांदाच हा शब्द एकटा, पुढेमागे काही न लावता उच्चारताना ऐकलं. सर्जन "फेअर इनफ" म्हणून पुढच्या टेबलाकडे गेले. काकू बराच वेळ हातातल्या रिकाम्या कपाकडे बघत होत्या. सोमवारी डॉक्टर हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा सर्जननी त्यांना काही विचारलंसुद्धा नाही. डॉक्टरांना ह्याचंच जास्त वाईट वाटलं.

जूनमध्ये मुलगा गेला. विमानतळावर काकूंनी डिंकाचे लाडू दिले. तिथे बाहेरचं खायचं काही चालत नाही, असं त्याने सांगून बघितलं आणि मग डबा घेतला. त्या नोव्हेंबरात निवडणूक झाली, जो निवडून आला त्याच्याविषयी काकूंचं काही मत नव्हतं. पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याची नोकरी बदलली, आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहायला गेलो. काकूंचा फोन महिन्यातून एकदा येई. मुलगा कधी जॉर्जियात असे, कधी नॉर्थ कॅरोलायनात. पत्ते बदलत, पण सगळे अमेरिकेतले. काकू ते मला वाचून दाखवत, जणू परीक्षेचे निकाल.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात, नाताळाच्या तोंडावर, अमेरिकन सैन्य पनामात उतरलं. मी सकाळी टीव्ही लावला आणि ते नाव मला नकाशावर शोधावं लागलं नाही, कारण पडद्यावर नकाशाच होता. मुलाची तुकडी गेली आहे, हे डॉक्टरांनी दुपारी कळवलं. आवाज अगदी सपाट होता, ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलावं तसा. तो कुठे आहे, कसा आहे, काही कळलं नव्हतं.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला.

"काही कळलं?" मी विचारलं.

"नाही अजून. तो दाढीवाला सुतार येऊन गेला, तो म्हणाला एवढा वेळ लागतोच. ऐक, तुला वेगळंच सांगायचंय. आज सकाळी चर्चवाल्या बायका आल्या होत्या. मोठा झेंडा आणि पिवळी रिबिन. समोरच्या झाडाला बांधायची म्हणे, आपला मुलगा देशासाठी गेलाय म्हणून. सर्जनची बायकोपण होती. केक आणला होता."

"मग?"

"मग काय. ह्यांनी लगेच शिडी काढायला घेतली. मी म्हटलं, नको."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, तुमचं प्रेम कळतंय, पण ज्या लढाईला माझी संमती नाही तिचा झेंडा माझ्या दारात नको. घरात या, चहा घ्या. इंग्लिशमध्ये म्हटलं."

"रागावल्या?"

"छे!" काकूंच्या आवाजात राग होता, पण त्या बायकांवरचा नव्हे. "एकजण म्हणाली, ऑफ कोर्स. दुसरीने झेंडा गुंडाळून गाडीत ठेवला. मग आत येऊन चहा प्यायल्या, तासभर बसल्या, त्याचा शाळेतला फोटो बघितला. सर्जनच्या बायकोने जाताना मला मिठी मारली. एवढंच? एवढं सोपं असतं का गं? आणि मी वीस वर्षं..."

मागे डॉक्टर शिडी परत गॅरेजमध्ये नेत असल्याचा आवाज येत होता.

"काकू, मी तिकडे येऊ का दोन दिवस?"

"नको," त्या म्हणाल्या. लगेच, सरळ. मग जरा मऊपणे, "आत्ता नको. ठेव आता तू. त्याचा फोन आला तर लाइन लागायला हवी."